वाळलेला आणि पक्का : मोटारीवरील ‘क्लिअर’ घासण्यापूर्वी किती थांबावे?

मोटारीच्या पत्र्यावर रंगाचा थर दिल्यानंतर त्याच्यावर जो पारदर्शक थर फवारला जातो, त्यास कारागिरांच्या बोलीत ‘क्लिअर कोट’ किंवा नुसते ‘क्लिअर’ असे म्हणतात. फवाऱ्यातून उतरलेला हा थर क्वचितच आरशासारखा सपाट असतो. त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटे राहतात, कोठे धुळीचा कण अडकतो, कोठे ओघळ येतो. म्हणून अत्यंत बारीक दाण्याचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून त्याने पृष्ठभाग घासतात आणि मग कंपाउंड व बफ यांच्या साहाय्याने चकाकी आणतात. या घासण्यापूर्वी किती काळ थांबावे, असा प्रश्न आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे याचे वाचकांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु प्रस्तुत लेखकास या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मिळाले ते रसायनाच्या अज्ञानामुळे जितके, तितकेच एका मराठी क्रियापदामुळे. आणि ते क्रियापद नीट तपासल्यावाचून खरे उत्तर हाती लागत नाही, असा त्याचा अनुभव आहे.

प्रसंग घडला तो असा. दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात माझ्या जुन्या मोटारीच्या बॉनेटास नव्याने रंग द्यावा लागला. काम पुण्यातील एका लहानशा गॅरेजात दिले होते. एके दिवशी संध्याकाळी क्लिअरचे तीन भरपूर हात मारून झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला परगावी निघावयाचे होते, यास्तव सकाळीच जाऊन उभा राहिलो आणि विचारले, “मिस्त्री, रंग वाळला ना?” त्यांनी बोटाची पाठ पत्र्यावर फिरवली आणि म्हणाले, “वाळलाय की सर. हात लावून बघा.” मी हात लावला. बोटाला काही चिकटले नाही, ठसाही उमटला नाही. माझ्या घाईखातर त्यांनी त्याच सकाळी ‘दोन हजार नंबर’चा कागद घेऊन बॉनेट घासले, कंपाउंड लावले, बफ फिरवला. बॉनेटात आकाशातील ढग दिसू लागले. मी समाधानाने पैसे देऊन निघालो.

तीन आठवड्यांनी तिरप्या उन्हात पाहतो, तो बॉनेटावर बारीक रेघांचे जाळे उमटलेले आणि चकाकीवर धुरकट साय धरल्यासारखी. गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी बॉनेटाकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिले. “सर, तुम्ही विचारलंत, वाळलाय का. वाळला होताच. पक्का झालाय का असं विचारलं असतंत, तर म्हटलं असतं, अजून कच्चा आहे, चार दिवस थांबा.”

हे उत्तर त्या वेळी मला पळवाटेसारखे वाटले. पुढे त्याचा विचार करता करता असे दिसून आले की, पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने त्यातील भेद अगदी अचूक आहे. मराठीत या ठिकाणी एक नव्हे, दोन विरोधयुग्मे आहेत. ओला आणि वाळलेला हे एक. कच्चा आणि पक्का हे दुसरे. पहिले युग्म द्रवाच्या असण्यानसण्याविषयी आहे. दुसरे वस्तूच्या अंतर्गत रचनेविषयी. आपण शहरी, शिकलेली माणसे रंगाच्या बाबतीत पहिलेच युग्म वापरतो आणि दुसऱ्याचे काम त्याच्याकडूनच करवून घेऊ पाहतो.

या दोन युग्मांचा परस्परसंबंध कुंभाराच्या आव्यापाशी उत्तम दिसतो. थापलेली वीट चार दिवस उन्हात ठेवली म्हणजे वाळते. ती हाताला कोरडी लागते, तिचा आवाज होतो, ती रचून ठेवता येते. तरीही तिला कच्ची वीटच म्हणतात, कारण पावसाची एक सर आली की तिचा पुन्हा चिखल होतो. भट्टीतून निघालेली वीट पक्की. ती पाण्यात बुडवली तरी भिजते, विरघळत मात्र नाही. म्हणजे वाळलेपण हे उलट फिरवता येते, पक्केपण फिरवता येत नाही. संस्कृत ‘पक्व’ या विशेषणाची प्राकृतात ‘पक्क’ आणि ‘पिक्क’ अशी दोन रूपे झाली. आपले ‘पक्का’ हे पहिल्याशी जुळते आणि ‘पिकणे’ दुसऱ्याशी. मुळातील ‘पच्’ धातूचा अर्थ शिजणे. उष्णतेने वस्तूच्या प्रकृतीत पडलेला कायमचा फरक हा अर्थ या कुळातील शब्दांत आजही टिकून आहे. ‘सुकणे’ मात्र उघडच ‘शुष्क’शी बांधलेले; पाणी गेले, एवढेच ते सांगते.

आता हे भेद मनात ठेवून मोटारीच्या लेपांकडे वळू.

या शतकापूर्वी व त्याच्या आरंभीच्या घोडागाड्या आणि मोटारी ज्या वार्निशाने रंगवीत, ते थरावर थर देऊन वाळवण्यास कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे लागत. येथे मी ‘या शतकापूर्वी’ असे सवयीने लिहून गेलो. अभिप्रेत विसावे शतक आहे. १९२३ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीचे ‘ड्यूको’ नावाचे नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर वापरले गेले आणि हा काळ तासांवर आला. लॅकरची रीत सरळ आहे. दीर्घ साखळीचे रेणू विद्रावकात, म्हणजे कारागिरांच्या भाषेत थिनरमध्ये, विरघळवलेले असतात. थिनर उडून जातो, रेणू मागे राहतात. येथे जे घडते ते शुद्ध वाळणे होय. कच्च्या विटेप्रमाणेच, वाळलेल्या लॅकरवर थिनरचा बोळा फिरवला तर ते पुन्हा मऊ होऊन सुटते. (‘लॅकर’ या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास पोर्तुगीज ‘लाक्रे’मार्गे आपण आपल्याच ‘लाखे’पाशी, संस्कृत ‘लाक्षे’पाशी, परत येतो, परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

जवसाच्या तेलाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. चित्रकार व सुतार त्यास ‘वाळणारे तेल’ म्हणतात. वस्तुतः त्यातून काहीच वाळून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू परस्परांस जोडले जातात आणि वजन घटण्याऐवजी शेकडा दहा किंवा अधिकच वाढते. जपानमधील ‘उरुशी’ हा झाडाच्या चिकापासून केलेला लेप तर याहून विलक्षण. त्यातील एंझाइमास आपले काम करण्यासाठी ओलावा लागतो, म्हणून लेप दिलेल्या वस्तू मुद्दाम दमट केलेल्या कपाटात, शेकडा सत्तर-ऐंशी आर्द्रतेत, ‘वाळवण्यास’ ठेवतात. कोरड्या हवेत त्या वाळतच नाहीत. गवंड्याचे काँक्रीटही असेच. त्याला पक्के करावयाचे तर दिवसेंदिवस पाणी मारावे लागते. सिमेंट पाणी गमावून कठीण होत नाही, पाण्याशी संयोग पावून कठीण होते. इंग्रजीत या सर्व क्रियांना ‘क्युअर’ असा एकच शब्द आहे. तो लॅटिन ‘कूरा’, म्हणजे काळजी, निगा, यावरून आला आणि मासे, तंबाखू, कातडी, रबर असा प्रवास करीत रंगापर्यंत पोहोचला. त्यात पाण्याचा संबंध कोठेच नाही. आपण त्याचे भाषांतर ‘वाळणे’ असे करतो, तेव्हा काँक्रीट आणि उरुशी या दोहोंच्या बाबतीत अगदी विपरीत अर्थ पदरी घेतो.

आजच्या मोटारीवरील क्लिअरमध्ये वाळणे आणि पक्के होणे या दोन्ही क्रिया एकाच थरात, एकाच वेळी, परंतु अगदी भिन्न गतीने चालतात. सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

गॅरेजात वापरले जाणारे नेहमीचे क्लिअर दोन डब्यांतून येते. एका डब्यात ॲक्रिलिक जातीचे राळेसारखे बहुवारिक असते व त्याच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल गट टांगलेले असतात. दुसऱ्या डब्यात ‘हार्डनर’, म्हणजे आयसोसायनेट गट धारण करणारे संयुग. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात, बहुधा दोनास एक किंवा चारास एक, मिसळले की हे गट परस्परांशी जोडले जाऊन युरेथेन बंध तयार होतात. या रसायनाचा पाया ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे घातला. बंध चहूबाजूंनी होत असल्याने शेवटी सुट्या साखळ्या उरत नाहीत. साऱ्या थराचे मिळून एकच जाळे बनते. असे जाळे थिनरने फुगेल, विरघळणार नाही. ही पक्की वीट होय.

फवारल्यानंतर प्रथम थिनर उडू लागतो. पहिली काही मिनिटे तो वेगाने जातो. अर्ध्या तासाच्या आसपास पृष्ठभागावर धूळ चिकटेनाशी होते, काही तासांत बोट लावता येते. यास वाळणे म्हणावे. दरम्यान जाळे विणले जात असते, पण त्याची चाल मंद. शिवाय वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, त्यामुळे तळातल्या थिनरास बाहेर पडण्याची वाट अरुंद होत जाते. दुधावर साय धरली म्हणजे खालची वाफ कोंडते, तसेच हे. हात जितके जाड आणि दोन हातांतील विसावा जितका कमी, तितका थिनर अधिक कोंडतो. दोन हातांमध्ये पाच-दहा मिनिटे थांबावे असे माहितीपत्रकांत सांगितलेले असते, त्याचे कारण हेच.

जाळे विणले जाण्याच्या गतीवर एक बंधन असे आहे की, ते रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांखेरीज इतरांच्या सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक बहुवारिकास एक तापमान असे असते की, त्याच्या खाली तो काचेसारखा कठीण व वर चिवट-मऊ राहतो. जाळे जसजसे दाट होते, तसतसे हे तापमान चढत जाते. चढत चढत ते भोवतालच्या हवेच्या तापमानास गाठते, तेव्हा थर काचेसारखा होऊ लागतो, रेणूंची हालचाल थिजते, आणि उरलेल्या गटांना एकमेकांपर्यंत पोहोचणे कठीण होते. क्रिया थांबत नाही, पण रांगू लागते. म्हणून खोलीच्या तापमानात पहिल्या दिवशी बरेचसे काम होते आणि उरलेल्या थोड्या कामास आठवडा, कधी महिनाही लागतो. भट्टीत पत्रा तापवला तर हे बंधनच वर सरकते. सामान्यतः पत्र्याचे तापमान ६० अंश सेल्सिअसवर आल्यापासून अर्धा तास, असा भट्टीचा हिशेब असतो. हवेचे नव्हे, पत्र्याचे. हा फरक विसरला जातो आणि जाड पत्र्याचे भाग कच्चे राहतात.

तापमानाविषयी एक स्थूल नियम सांगतात की, दहा अंशांनी उष्णता वाढली तर रासायनिक क्रियेची गती दुपटीच्या आसपास जाते. तो सर्वत्र काटेकोर लागू नाही, पण अंदाजास पुरेसा आहे. २० अंशांवर धरलेला काळ पुण्याच्या मे महिन्यातील दुपारी निम्म्याहून कमी पुरेल आणि डिसेंबरातील रात्री, पारा दहा-बारावर उतरला असता, दुप्पट मानावा लागेल. पावसाळ्याचा प्रश्न थोडा निराळा. हवेतील पाण्याचे रेणूही आयसोसायनेटाशी संयोग पावतात व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतात. म्हणजे राळेसाठी राखलेल्या हार्डनरचा काही भाग पाणी खाऊन टाकते. जाळ्याची वीण त्यामुळे बदलते आणि थर जाड असेल तर बारीक बुडबुडेही राहतात. माझ्या बॉनेटाचे तिन्ही ग्रह वक्री होते: हात जाड, रात्र ओली, आणि मालक घाईत.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मांडू. पुढील काळ नेहमीच्या दोन डब्यांच्या क्लिअरचे आहेत. ज्या डब्यातून माल घेतला त्याच्या उत्पादकाचे तांत्रिक माहितीपत्रक यांहून निराळे सांगत असेल, तर तेच प्रमाण मानावे. भट्टीत तापवलेला पत्रा पूर्ण थंड झाल्यावर काही तासांनी घासता येतो. दुसरा दिवस उजाडू द्यावा हे अधिक बरे. हवेवर सोडलेला, दोन माफक हातांचा थर २५-३० अंशांच्या कोरड्या हवेत किमान २४ तास, आणि निवांतपणा असेल तर ४८ तास ठेवावा. तीन-चार जाड हात असतील, हवा थंड किंवा दमट असेल, तर तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत थांबण्यात काहीच अतिरेक नाही. दाबून फवारण्याच्या एकाच डब्यातील क्लिअर बहुधा लॅकरच्या जातीचे असते. त्यात हार्डनर नाही, म्हणून त्याचे पक्के होणे असे काही नाहीच. केवळ थिनर जाण्याची वाट पाहावयाची. ती वाट आठवड्याहून कमी नसावी, आणि जाड थरांना कित्येक आठवडे लागतात. या जातीच्या डब्यावर ‘एका तासात वाळते’ असे छापलेले असते. ते खोटे नाही. मिस्त्रींच्या उत्तराइतकेच खरे आहे.

घाईने घासले तर नेमके काय बिघडते, हे थोडे विस्ताराने पाहणे अवश्य आहे, कारण बिघाड ताबडतोब दिसत नाही आणि फसगत होते ती त्यामुळेच. दोन हातांचा क्लिअरचा थर ५० ते ६० मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. ‘दोन हजार नंबर’च्या कागदावरील कण सरासरी १० मायक्रॉनांचा, ‘हजार नंबर’चा १८ मायक्रॉनांचा. थर कच्चा असता हे कण त्यास स्वच्छ कापीत नाहीत, ओरबाडतात आणि ढकलतात. रेघेच्या दोन्ही काठांवर ढकललेला माल बफच्या उष्णतेने पुन्हा रेघेत लोटला जातो. वरून सपाट दिसते. पुढे थर आकसून घट्ट होऊ लागला की हा लोटलेला माल बसतो आणि रेघ परत दिसू लागते. तिसऱ्या आठवड्यात माझ्या बॉनेटावर ज्या रेघा आल्या त्या नव्या नव्हत्या. पहिल्याच सकाळच्या होत्या.

धुरकटपणाचे कारण याहून सूक्ष्म. खालच्या प्रायमरवर घासण्याच्या रेघा असतात, त्यांत क्लिअर थोडे अधिक भरलेले असते. उदाहरणादाखल एके ठिकाणी थर ५० आणि शेजारच्या खाचेवर ५५ मायक्रॉन आहे असे धरा. दोन्हींवर आपण वरून सपाट केले. नंतर कोंडलेला थिनर निघून गेला आणि थर शेकडा पाच आकसला. एके ठिकाणी तो अडीच मायक्रॉन खाली बसला, दुसरीकडे पावणेतीन. फरक पाव मायक्रॉनाचा. परंतु दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच मुळी ०.४ ते ०.७ मायक्रॉन आहे, आणि आरशासारख्या पृष्ठभागात डोळा उंची नव्हे, उतार पाहतो. एवढा फरक प्रतिबिंब विसकटण्यास पुरतो. म्हणजे आकसणे बरेचसे पुरे झाल्यावर सपाट केले तर ते सपाट राहते. आधी केले तर आपण पुढे बदलणाऱ्या जमिनीवर पातळी लावतो.

याला उतारा म्हणून पुन्हा घासावे, असे सुचेल. मलाही सुचले. पण प्रत्येक घासण्यात थर पातळ होतो. एकंदर दहा मायक्रॉनांच्या आसपास माल काढला तर ठीक; त्यापलीकडे गेल्यास ऊन गाळणारा हा पडदाच विरळ होतो आणि काही वर्षांत खालचा रंग फिका पडून वरचे पापुद्रे सुटू लागतात. बॉनेटाच्या उंच कण्यावर आणि कडांवर थर मुळातच पातळ बसतो. माझ्या आग्रहावरून दुसऱ्यांदा घासताना त्या कण्यावर पांढऱ्या पाण्याऐवजी लाल पाणी निघाले. ज्यांनी हे काम पाहिले आहे त्यांना यापुढचे सांगावयास नको. क्लिअर संपून खालचा लाल रंग कागदास लागला होता, आणि त्याला उपाय एकच: सारे बॉनेट पुन्हा.

मग घड्याळापेक्षा अधिक विश्वासार्ह अशी परीक्षा कोणती? नाकाची परीक्षा पहिली. पत्र्याजवळ नाक नेले असता थिनरचा वास येत असेल तर थिनर अजून निघत आहे, घासू नये. दुसरी नखाची. दरवाजाच्या आतील कडेवर, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे नख दाबावे. खूण उमटून राहिली तर थर कच्चा. तिसरी आणि सर्वांत बोलकी परीक्षा कागदाची. कोपऱ्यावर बारीक कागद चार वेळा फिरवून कागदाकडे पाहावे. पक्क्या थरातून दुधासारखे पांढरे पाणी निघते आणि कागद धुतला की स्वच्छ होतो. कच्च्या थराचा माल कागदाच्या कणांत गोळे होऊन अडकतो, धुतल्यानेही निघत नाही, आणि तेच गोळे पुढच्या फेरीत खोल रेघा मारतात. अशा वेळी कागद बदलून काम रेटणारे पुष्कळ भेटतात. कागद दोषी नसतो. लॅकर की दोन डब्यांचे क्लिअर, असा संशय असेल तर थिनरचा बोळा अशाच आडबाजूस लावावा. रंग मऊ पडून सुटला तर ती कच्च्या विटेची जात.

उशीर केल्याने होणारे नुकसान मात्र घाईच्या मानाने थोडे. महिनाभर पडून राहिलेले क्लिअर घासता येतेच, पण ते इतके कठीण झालेले असते की ‘हजार नंबर’च्या रेघा ‘दोन हजार’ने व पुढे ‘तीन हजार’ने पुसण्यास दुप्पट वेळ जातो, बफ अधिक वेळ फिरवावा लागतो, पत्रा तापतो, कडा जळण्याचा धोका वाढतो. म्हणून जाणते कारागीर थर नुकता पक्का झाला असेल, अति कठीण झाला नसेल, अशी वेळ साधतात: हवेवरच्या कामात दुसऱ्या दिवसापासून आठवड्यापर्यंत. आंबा उतरवण्याच्या वेळेसारखी ही वेळ आहे. पंचांगात ती सापडत नाही.

दोन सूचना येथेच नोंदवतो, कारण त्या वेळेशीच निगडित आहेत. हार्डनर अधिक घातला तर थर लवकर पक्का होईल, असा समज प्रचलित आहे. तो चूक आहे. जोडीदारावाचून उरलेले आयसोसायनेट गट हवेतील पाण्याशी जुळत बसतात आणि थर ठिसूळ किंवा आळशी होतो. घाई असेल तर जलद जातीचा हार्डनर घ्यावा, नाहीतर भट्टी वापरावी. दुसरी सूचना जिवाशी निगडित आहे. आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा जडल्यास पुढे अत्यल्प मात्राही सोसत नाही. फवारताना बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हवा. नाकास रुमाल बांधणे हा उपाय नव्हे. अर्धवट कच्च्या थरात संयोग न पावलेले गट शिल्लक असतात, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवणे अधिक घातक. पाण्याने घासण्याचा हाही एक लाभ आहे. पाण्यात टिकणारा वॉटर पेपर १९२१ मध्ये अमेरिकेत ‘थ्री एम’ कंपनीने बाजारात आणला, त्याचे एक प्रयोजन धूळ बसवणे हेच होते.

उन्हात गाडी उभी करून क्लिअर पकवावे की नाही, याविषयी गॅरेजात मतभेद आढळले. गडद रंगाचा पत्रा वैशाखातील उन्हात ६०-७० अंशांपर्यंत तापतो, म्हणजे फुकटची भट्टीच. तथापि ताजा थर थेट उन्हात लोटल्यास वरची साय लगेच धरते आणि थिनर कोंडतो. रात्रभर सावलीत राहू देऊन मग ऊन दाखवणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

परिभाषेच्या दृष्टीने एवढेच सुचवावेसे वाटते की, रंग, रबर, काँक्रीट व राळ यांच्या ‘क्युअरिंग’साठी ‘वाळणे’ किंवा ‘शुष्कीकरण’ हा प्रतिशब्द वापरू नये. ‘पक्व होणे’, ‘पक्वन’ आणि त्याच्या अवस्थेसाठी ‘पक्वता’ असे शब्द योजावेत. ‘दृढीभवन’ हा शब्दही कोणी सुचवील. तो सयुक्तिक आहे, पण त्यातून केवळ कठीणपणा कळतो, परत न फिरणारा फरक कळत नाही. शिवाय ‘पक्व’ शब्दाने पुस्तकातील भाषा आणि गॅरेजातील ‘कच्चा-पक्का’ एकाच सूत्रात येतात, आणि विद्यार्थ्याने मिस्त्रीस विचारलेल्या प्रश्नास मिस्त्रीकडून त्याच प्रश्नाचे उत्तर मिळते.

बॉनेट तिसऱ्यांदा झाले ते गेल्या मार्गशीर्षात. या खेपेस दोनच हात, मध्ये दहा मिनिटांचा विसावा. रात्री गारठा होता, म्हणून मिस्त्रींनी गाडी चार दिवस शेडमध्येच ठेवली. पाचव्या दिवशी मी गेलो. काही न विचारता त्यांनी दरवाजाच्या आतल्या कडेला नख दाबून दाखवले, मग कोपऱ्यावर कागद फिरवला आणि तो माझ्या हातात दिला. पाणी पांढरे होते.